ब्यूकर युंगमान: साध्या आकड्यांचं, लाडकं विमान

ब्यूकर बीयू १३१ युंगमान हे शिकाऊ पायलटांसाठी बनवलेलं दोन सीटचं जर्मन विमान, कागदावर बघितलं तर एकदम मामुली वाटतं. १०५ हॉर्सपॉवरचं इंजिन, जास्तीत जास्त स्पीड ताशी १८३ किमीच्या आसपास, पंखांची लांबी ७.४ मीटर, पूर्ण भरलेलं वजन ६८० किलो. आजची साधी फॅमिली कारसुद्धा याच्यापुढे दांडगी दिसेल. तरी एरोबॅटिक्सवाल्या, म्हणजे हवेत कसरती करणाऱ्या, जुन्या पायलटांसमोर याचं नाव काढा, लगेच कळी खुलते. असं का, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लष्करी विमानं ठेवायला बंदी केली. कार्ल क्लेमेन्स ब्यूकर हा नौदलातला माणूस, तो गेला स्वीडनला, तिथे १९२१ मध्ये स्वेन्स्का एरो नावाची कंपनी काढली, १९३२ ला ती विकून जर्मनीत परत आला आणि येताना अँडर्स अँडरसन हा स्वीडिश डिझायनर सोबत घेऊन आला. १९३३ मध्ये बर्लिनजवळ योहानिस्थालला नवी कंपनी आणि २७ एप्रिल १९३४ ला युंगमानचं पहिलं उड्डाण. टायमिंग बघा. लुफ्तवाफ, म्हणजे जर्मन हवाई दल, उघडपणे जाहीर व्हायची होती १९३५ मध्ये, पण फ्लाइंग क्लबच्या नावाखाली पोरं तयार करणं आधीच जोरात चालू होतं आणि त्यांना शिकवायला विमान हवंच होतं.

आता डिझाइन, माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. दोन मजली पंख, म्हणजे बायप्लेन, आणि पंख मागे ११ अंश कललेले. एलेरॉन (विमान बाजूला कलवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) वरच्या पंखांनाही आणि खालच्यांनाही, मधे दांडीने जोडलेले, म्हणजे पायलटने हातातली स्टिक जरा हलवली की चारही पंख कामाला लागतात आणि विमान रोलमध्ये, म्हणजे स्वतःच्या लांबीभोवती गिरकीत, लगेच जातं. एका बाजूचा वरचा आणि खालचा पंख एकमेकांच्या जागी बसू शकतो, त्यामुळे शिकाऊ पोराने लँडिंगला पंख मोडला तरी स्पेअरची फार भानगड नाही. बॉडी स्टीलच्या नळ्या वेल्ड करून वर कापड, पंख लाकडी. इंजिनाचे सिलिंडर खाली तोंड करून बसवलेले, त्यामुळे पुढचं नाक बुटकं आणि समोरचं बरंच दिसतं (जमिनीवर असताना शेपटी खाली आणि नाक वर असतं, तेव्हा किती दिसतं ते सोडा). सुरुवातीच्या मॉडेलला ८० हॉर्सपॉवरचं हिर्थ इंजिन होतं, १०५ वालं पुढच्या बी मॉडेलला आलं.

पॉवर कमी असल्याचा तोटा अर्थातच आहे. लूप, म्हणजे हवेत उभा गोल, मारायचा तर आधी नाक खाली घालून स्पीड जमवायचा, वर जाताना तो भराभर संपतो, आणि चार-पाच फिगर्स (कसरती) झाल्या की बरीच उंची गमावलेली असते, मग परत निवांत चढत बसा. पण शिकणाऱ्यासाठी हेच बरं, कारण इंजिनाच्या जोरावर चूक झाकता येत नाही, स्पीड आणि उंचीचा हिशोब डोक्यात ठेवावाच लागतो. स्टिक आणि रडर (शेपटीचं सुकाणू) मात्र इतके हलके आणि एकमेकांना जुळलेले की हात शिकत जातो. याचाच एक सीटवाला, जास्त पॉवरचा भाऊ म्हणजे युंगमाइस्टर, आणि स्पर्धांमध्ये नाव त्याने काढलं. स्पेनचा होसे लुइस अरेस्ती त्याच्यावरच गाजला, आणि एरोबॅटिक्सच्या फिगर्स कागदावर लिहायची त्याची चिन्हांची पद्धत आजही जगभर स्पर्धांमध्ये चालते.

लायसन्स घेऊन ही विमानं परदेशात जी बनत गेली तीही भारी गोष्ट आहे. जपानने तर सपाटाच लावला, नुसत्या आर्मीसाठी कि-८६ या नावाने हजाराच्या वर युंगमान बनवली आणि नेव्हीसाठीची, क्यूशू के९डब्ल्यू नावाची, वेगळीच. कारण व्यवहारी होतं, पेट्रोलची टंचाई, आणि जुन्या तीनशे-साडेतीनशे हॉर्सपॉवरच्या ट्रेनरपेक्षा हे विमान खूपच कमी पीत होतं. पुढे धातूही पुरेना तेव्हा पूर्ण लाकडी व्हर्जनसुद्धा काढून पाहिलं. इकडे पूर्व आघाडीवर जर्मनांनी याच ट्रेनरना छोटे बॉम्ब लावून रात्री रशियनांची झोप उडवायला पाठवलं, जे या विमानाचं काम अजिबात नव्हतं.

युद्ध संपलं, मूळ कंपनीही संपली. चेकोस्लोव्हाकियात एरो सी-१०४ नावाने स्वतःचं इंजिन टाकून काही काळ बनत राहिलं, पण युंगमान खऱ्या अर्थाने टिकलं ते स्पेनमुळे. तिथे कासा कंपनी साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ही विमानं बांधत होती, आधी १२५ मग १५० हॉर्सपॉवरची टिग्रे इंजिनं लावून, आणि हवाई दल १९६८ पर्यंत त्यांच्यावर पोरांना शिकवत होतं. तिथून निवृत्त झालेली विमानं मग युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांनी उचलली, कुणी टिग्रे तसंच ठेवलं, कुणी वैतागून सरळ १८० हॉर्सपॉवरचं लायकमिंग हे अमेरिकन इंजिन टाकलं, आणि यावरून शुद्ध-अशुद्धचे वाद आजही रंगतात. १९९० च्या दशकात तर पोलंडमध्ये चेक ड्रॉइंग्ज वापरून कोरी करकरीत युंगमान परत बांधायला घेतली.