पर्वतीच्या पायऱ्यांपर्यंत

आमची आत्या नारायण पेठेतली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पुढे बिऱ्हाड गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत हललं. घरात पानशेतचा विषय निघाला की सगळे हिरिरीने बोलायचे, आत्या मात्र चहा टाकायला उठायची. ओल्या गाळाचा वास आला की आजही तिचे हात गार पडतात. पूर ओसरून साठ वर्षं उलटली हे तिला ठाऊक आहे, तिच्या हातांना नाही.

यात मनाचा कमकुवतपणा वगैरे काही नाही. एरवी एखादी घटना 'कुठे' आणि 'केव्हा' घडली याची गाठ बांधण्याचं काम मेंदूतला हिप्पोकॅम्पस करतो. जिवावर बेतलं की धोक्याची घंटा वाजवणारा अमिग्डाला सगळा ताबा घेतो आणि ती गाठ सैल राहते. वास, आवाज, पाण्याचा गारठा तेवढा पक्का उमटतो, पण त्यावर तारीख नसते. मग तो वास पुन्हा आला की शरीर ते आत्ताच घडतंय असं धरून चालतं.

नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी या गाठीवरच काम करते. पद्धत दिसायला अगदी साधी. जमिनीवर एक दोरी पसरायची, हेच आपलं आयुष्य. जन्मापासून पुढे जात चांगल्या प्रसंगांपाशी फुलं ठेवायची आणि आघातांपाशी दगड. मग दर बैठकीत एखादा दगड घेऊन तो प्रसंग संथपणे सांगायचा. थेरपिस्ट मध्ये मध्ये विचारतात: काय दिसत होतं? पोटात काय झालं? आणि आत्ता, इथे बसून काय होतंय? सांगितलेलं लिहून घेतात आणि पुढच्या वेळी वाचून दाखवतात. युगांडातल्या छावणीतल्या ४३ सुदानी निर्वासितांवरचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर या उपचारातल्या २९ टक्के लोकांमध्ये आघातोत्तर तणावाचा विकार शिल्लक होता, नुसतं धीर देणारं समुपदेशन मिळालेल्यांमध्ये ७९ टक्के. गट लहान होता, पण फरक मोठा आहे.

आपल्याकडे मात्र 'बोलून टाक, मोकळं वाटेल' म्हणत माणसाला लगेच बोलतं करायची घाई फार. अपघातानंतर लगोलग एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याचे प्रयोग झाले आहेत. फायदा दिसला नाहीच, उलट भाजलेल्या रुग्णांवरच्या १९९७ च्या एका चाचणीत अशी बैठक झालेले रुग्ण तेरा महिन्यांनी जास्त त्रासात आढळले. हे काम तयार माणसाकडे, सवडीनं व्हावं लागतं.

आत्या सत्तरीत गेली थेरपीला. दोरी म्हणून जुन्या परकराची नाडी नेली होती! तिची आठवण दर वेळी एकाच जागी थांबायची: पाणी जिन्याच्या चौथ्या पायरीला लागलंय आणि आजी खालून हाक मारतेय. थेरपिस्टबाई दर वेळी एवढंच विचारायच्या, "मग?" बऱ्याच बैठकांनंतर एकदा पुढचं आलं. आजी वर आली होती. मागच्या दारानं सगळे बाहेर पडले, चिखलातून पर्वतीच्या पायऱ्यांवर जाऊन बसले, आणि कुणीतरी आत्याच्या हातात मूठभर फुटाणे ठेवले.

"खारे होते," ती मला म्हणाली.