कोॲक्स किती फुटांची घ्यायची?

वारं सुटलेलं असताना रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसून पाणी बघा. लाट दगडी भिंतीवर येते, आपटते आणि मागं फिरते. येणारी आणि परतणारी लाट एकमेकींत मिसळली की काही ठिकाणी पाणी जागच्या जागी वर-खाली होत राहतं. गाडीतल्या वायरलेस सेटपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या कोॲक्स केबलमध्येही (मधे तार, भोवती पॉलिथिन आणि त्यावर तांब्याची जाळी) असंच होतं. अँटेना केबलशी जुळणारी नसेल, तर सेटनं पाठवलेल्या शक्तीतला काही भाग परत येतो. किती परतला, ते एसडब्ल्यूआर (स्टँडिंग वेव्ह रेशो) मीटर सांगतो. आकडा १.५ असेल तर ४ टक्के, २ असेल तर ११ टक्के आणि ३ असेल तर तब्बल २५ टक्के.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवायची. लाट किती परतणार हे भिंत ठरवते, तलावाची लांबी नाही.

हे मी एवढं घोळवून सांगतोय, कारण हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढून गाडीत सेट बसवणारा प्रत्येक नवा माणूस पहिल्यांदा विचारतो, "केबल किती फुटांची घेऊ?" आणि कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, "१८ फूटच पाहिजे."

हा १८ फुटांचा आकडा अमेरिकेतल्या ट्रकचालकांच्या सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओवरून आलाय. तो रेडिओ २७ मेगाहर्ट्‌झवर चालतो. तिथं लहरीची लांबी सुमारे ११ मीटर, तिची निम्मी साडेपाच मीटर, म्हणजे १८ फूट. केबल अर्ध्या लहरीएवढी असली की अँटेनाकडची परिस्थिती सेटकडच्या टोकाला जशीच्या तशी दिसते. मोजमाप करताना याचा उपयोग होतो, हे खरं. पण हिशोबातली एक गोष्ट इथं निसटलेली आहे. साडेपाच मीटर ही मोकळ्या हवेतली लांबी झाली. केबलच्या आत, तांब्याच्या तारेभोवतीच्या पॉलिथिनमधून, लहर प्रकाशाच्या वेगाच्या ६६ टक्के वेगानंच धावते. तिथली अर्धी लहर १२ फुटांतच संपते! १८ फुटांत पाऊण लहर बसते आणि तेवढ्यावर जसंच्या तसं नाही, उलटंच चित्र दिसतं.

मग केबल कापल्यावर मीटरचा आकडा बदलतो, तो का? माझ्या मित्राच्या बोलेरोवर आम्ही हे जवळून बघितलं. टपावरच्या कॅरिअरला अँटेना, १४५ मेगाहर्ट्‌झ, आणि आकडा २.५. दोन वेळा वीतभर केबल कापली. एकदा आकडा २ वर आला, पुढच्या वेळी परत चढला. शेवटी मी मीटरकडे नजर ठेवून केबल मुठीत घट्ट धरली. काटा हलला. तिथंच दुखणं सापडलं.

नुसती उभी काडी म्हणजे अँटेना नव्हे. गाडीचा पत्रा हा तिचा दुसरा अर्धा भाग असतो. कॅरिअरवर जाड रंगाचा थर होता, त्यामुळं क्लॅम्पचा पत्र्याशी धातूला धातू असा संपर्कच नव्हता. पत्रा मिळेना, म्हणून अँटेनानं केबलच्या बाहेरच्या जाळीलाच आपला अर्धा भाग करून घेतलं. केबलचीच अँटेना झाल्यावर तिच्या लांबीनं फरक पडणारच. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये क्लॅम्पखालचा रंग पॉलिश पेपरनं घासून काढला, दातेरी वॉशर घातला आणि कॅरिअरपासून बॉडीपर्यंत जाड पट्टी जोडली. आकडा १.३ झाला. केबल होती तेवढीच. मग मूठ धरा नाहीतर सोडा, काटा ढिम्म.

तेव्हा लांबी सेटपासून अँटेनापर्यंत आरामात पोचेल एवढीच घ्या. जास्तीची केबल लहर वाटेतच खाते. आरजी-५८ या नेहमीच्या बारीक केबलमध्ये ५ मीटरला २७ मेगाहर्ट्‌झवर दहावा हिस्साही वाया जात नाही, पण १४५ वर जवळजवळ पाचवा हिस्सा उष्णता होऊन जातो. यात एक फसवणूकही आहे. लांब केबलमध्ये परतणारी लाट वाटेत विरते, म्हणून मीटर चांगला आकडा दाखवतो. अँटेना होती तशीच असते.

घरी डिशची केबल पडलीय म्हणून ती लावू नका. ओहम हे केबलच्या अवरोधाचं माप; ती ७५ ओहमची असते, आपले सेट ५० ओहमचे, म्हणून जुळत नाही.

उरलेल्या केबलचं घट्ट वेटोळं करून सीटखाली कोंबू नका. एकदम वाकवलेल्या जागी, विशेषतः उन्हात तापलेल्या गाडीत, आतली तार पॉलिथिनमधून हळूहळू सरकते आणि त्या जागी केबल ५० ओहमची राहत नाही. मोठे, सैल वळसे घ्या.

आणि गगनबावड्याच्या बाजूला जाणं-येणं असेल, तर गाडीत शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकून जाईल. कनेक्टरवर रबरी टेप ताणून गुंडाळा. जाळीत एकदा पाणी शिरलं की तांबं काळं पडत जातं आणि वरून काहीच दिसत नाही. पावसाळा सरला की कनेक्टर उघडून जाळीचा रंग बघा. काळी पडली असेल, तर तांबं लखलखीत दिसेपर्यंत केबल मागं कापत चला.