पगारी असिस्टंट, बिनपगारी असिस्टंट

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या कॉलेजच्या बेसबॉल संघाची 2023 पूर्वीची माहिती काढून बघा. हेड कोचच्या खाली बहुतेक वेळा तीन फोटो असतात. तिघांची टोपी एक, जर्सी एक, कॅमेऱ्याकडे बघून हसण्याची तऱ्हाही एकच. दोघांच्या नावाखाली 'असिस्टंट कोच' लिहिलेलं असतं आणि तिसऱ्याच्या नावाखाली 'व्हॉलंटिअर असिस्टंट कोच'. आपल्याला स्वयंसेवक म्हटलं की छातीला बिल्ला लावून गणपतीची रांग आवरणारा कार्यकर्ता आठवतो. दिवसभर नोकरी करायची आणि संध्याकाळी हौसेनं मंडपात यायचं. हा तिसरा माणूस तसा नव्हता. तो सकाळपासून रात्रीपर्यंत मैदानावरच असायचा. विद्यापीठ त्याला पगार देत नव्हतं. द्यायची इच्छा असती तरी देता आला नसता.

याचं कारण एनसीएएचा, म्हणजे कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेचा, नियम. डिव्हिजन वनच्या, म्हणजे सर्वांत वरच्या गटातल्या, बेसबॉल संघाला एक हेड कोच, दोन पगारी असिस्टंट आणि एक व्हॉलंटिअर, एवढीच माणसं ठेवता येत. खेळाडू पस्तीसच्या आसपास आणि त्यांच्यामागे पगार घेणारे प्रशिक्षक तीन. (खेळाडूंच्या बाबतीतही हात असाच आखडता होता. अख्ख्या संघाला मिळून 11.7 शिष्यवृत्त्या, आणि त्या तुकडे करून 27 जणांपर्यंत वाटायच्या.) तिजोरी भरलेली असो वा रिकामी, चौथ्याला पगार नाही.

मैदानावर बघणाऱ्याला मात्र पगारी कोण आणि बिनपगारी कोण हे ओळखू यायचं नाही. पहिल्या बेसजवळच्या (धाव पूर्ण करायला ओळीनं गाठायचे थांबे म्हणजे बेस) चौकटीत उभा असणारा कोच पुष्कळदा हाच व्हॉलंटिअर. त्याच्या हातात स्टॉपवॉच असतं. पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, हालचाल सुरू केल्यापासून चेंडू बॅटरच्या मागे बसलेल्या कॅचरच्या ग्लव्हमध्ये शिरेपर्यंत, समजा, 1.3 सेकंद लागले. कॅचरनं तो घेऊन दुसऱ्या बेसवर फेकायला आणखी 2 सेकंद घेतले. बेरीज 3.3. शेजारी उभ्या असलेल्या धावपटूला पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर पोचायला 3.4 लागत असतील तर कोच त्याला जागेवर थोपवतो, 3.2 लागत असतील तर 'पळ' म्हणून कानात दोन शब्द पुटपुटतो. सरावाच्या वेळी हाच माणूस फंगो नावाची लांब, हलकी बॅट घेऊन इनफिल्डरना (बेसजवळच्या क्षेत्ररक्षकांना) शेकड्यानं जमिनीलगतचे चेंडू मारून देतो. पगार न घेणाऱ्याचे चेंडू काही हळू येत नाहीत.

फरक सुरू व्हायचा मैदानाच्या कुंपणाबाहेर. शाळेतली हुशार मुलं हेरायला गावोगाव हिंडणं, त्यांचे सामने बघणं, घरी जाऊन आईवडिलांशी बोलणं, म्हणजेच रिक्रुटिंग, हे काम व्हॉलंटिअरला करता येत नसे. ते हेड कोच आणि दोन पगारी असिस्टंट यांच्यापुरतंच राखलेलं होतं. त्यामुळे 'रिक्रुटिंग कोऑर्डिनेटर' हे बिरुद कायम पगारी माणसाकडे. पिचिंग कोचचं पदही बहुधा पगारीच, कारण कॉलेज बेसबॉलमध्ये पुढचा चेंडू कुठला टाकायचा हे पुष्कळदा डगआउटमधून, म्हणजे मैदानाकडेच्या संघाच्या बसायच्या जागेतून, तोच ठरवतो, आणि एवढी जोखमीची जागा कोणी बिनपगारी माणसाच्या भरवशावर सोडत नाही. उरलेलं सगळं तिसऱ्याच्या वाट्याला: कॅचर, आउटफिल्डर, बेसरनिंग आणि उन्हाळी शिबिरं.

शिबिरांवर त्याची चूल पेटायची. कॉलेज शाळकरी मुलांसाठी फी घेऊन शिबिरं भरवतं, आणि तिथे शिकवल्याचे पैसे घ्यायची व्हॉलंटिअरला मुभा होती. त्याशिवाय खाजगी शिकवण्या, बायकोचा पगार, नाहीतर आईवडिलांचा आधार. कॉलेजच्या पगारपत्रकावर नाव नाही म्हणून त्या नोकरीतून मिळणारा आरोग्य विमाही नाही. आपल्याकडचा शिक्षणसेवक आठवला असेल, पण त्याला निदान मानधन असतं आणि कायम होण्याची आशा असते. इथे दोन्ही नव्हतं.

म्हणून असिस्टंट कोचच्या परिचयात 'कुठे खेळला, कुठे शिकवलं' ही यादी वाचताना मला नेहमी यादीत नसलेल्या माणसांचा प्रश्न पडतो. बिनपगारी वर्ष-दोन वर्षं कोणाला परवडतात? घरची बाजू भक्कम आहे त्याला, सडाफटिंग आहे त्याला, मायनर लीगमधून, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या पायरीवरून, थोडे पैसे गाठीशी बांधून आलेल्याला. बाकीचे अंगात कोचिंग असूनही दुसरीकडे वळले, आणि त्यांचे परिचय कोणी लिहिलेच नाहीत. तिसऱ्या फोटोतल्या माणसाची पार्श्वभूमी अशी आधी नियमानं चाळलेली असायची.

तो ज्ञानात कमी होता असं मात्र कोणी समजू नये. 2002 च्या हंगामातला दक्षिण कॅरोलायनातल्या क्लेमसन विद्यापीठाचा संघ घ्या. हेड कोच जॅक लेगेट. पगारी असिस्टंट टिम कॉर्बिन आणि केविन ओसुलिव्हन. व्हॉलंटिअर एरिक बाकिच. कॉर्बिन ओहायो वेस्लियन या छोट्या कॉलेजात खेळलेले आणि प्रेस्बिटेरियन कॉलेजात हेड कोच राहून आलेले. ओसुलिव्हन व्हर्जिनियाचे जुने कॅचर, पण क्लेमसनमध्ये सांभाळत पिचरना. (कॅचर पिचरांचा कोच झाला याचं नवल वाटायला नको, प्रत्येक चेंडू समोरून बघितलेला असतो त्यानं.) बाकिच ईस्ट कॅरोलायनात खेळून नुकतेच बाहेर पडलेले. तो संघ ओमाहाच्या कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत, पोचला.

त्याच उन्हाळ्यात कॉर्बिन व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे हेड कोच झाले आणि जाताना बाकिच यांना सोबत घेऊन गेले. तिथे बाकिच पगारी असिस्टंट झाले, रिक्रुटिंग त्यांच्याकडे आलं, मग मेरीलँड आणि मग मिशिगन विद्यापीठात हेड कोच. ओसुलिव्हन फ्लोरिडाला गेले आणि 2017 मध्ये विजेतेपद घेऊन आले. 2019 च्या कॉलेज वर्ल्ड सिरीजची अंतिम लढत झाली व्हँडरबिल्ट आणि मिशिगन यांच्यात. एका डगआउटमध्ये कॉर्बिन, समोरच्यात बाकिच. एकाच फोटोपट्टीतले पगारी आणि बिनपगारी असिस्टंट आता आमनेसामने हेड कोच. पहिला सामना मिशिगननं जिंकला. दुसरा व्हँडरबिल्टकडे वळवला तो आईकडून भारतीय वंशाच्या कुमार रॉकर या पिचरनं. तिसरा आणि किताबही व्हँडरबिल्टनंच नेला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिसऱ्या असिस्टंटला पगार देऊ द्यावा असा प्रस्ताव डिव्हिजन वनपुढे आला होता आणि मतदानात पडला होता. खर्च वाढेल, ज्यांच्याकडे पैसा आहे ते आणखी पुढे जातील, ही नेहमीची भीती. हे पहिल्यांदा घडत नव्हतं. 1992 मध्ये एनसीएएनं काही असिस्टंट कोचची वर्षाची कमाई 16,000 डॉलरवर बांधून टाकली होती. कोच मंडळी कोर्टात गेली, 1998 मध्ये अपील कोर्टानंही त्यांच्याच बाजूनं कौल दिला आणि पुढच्या वर्षी 5 कोटी 45 लाख डॉलरवर तडजोड झाली. सोळा हजारांची मर्यादा बेकायदेशीर ठरली, तर शून्याची मर्यादा कायदेशीर कशी? हा साधा प्रश्न अनेक वर्षं तसाच पडून राहिला. नोव्हेंबर 2022 मध्ये अर्कान्सॉ आणि यूसी डेव्हिस या विद्यापीठांत व्हॉलंटिअर राहिलेल्या दोन प्रशिक्षकांनी तो कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टात नेला. त्यानंतर दोन महिन्यांत, जानेवारी 2023 मध्ये, एनसीएएनं ते पदच रद्द करायचं ठरवलं. 1 जुलै 2023 पासून तिसऱ्या असिस्टंटलाही पगार देता येऊ लागला आणि त्याला रिक्रुटिंगला धाडायला हरकत राहिली नाही. खटल्याची तडजोड पुढे 4 कोटी 90 लाख डॉलरच्या घरात झाली.

नियमानं मुभा दिली, सक्ती केली नाही. श्रीमंत कॉलेजांनी लगेच पगार सुरू केले, इतरांचं आपापल्या ऐपतीप्रमाणे. जुन्या परिचयांत 'व्हॉलंटिअर' हा शब्द आजही जागोजागी सापडतो, आणि तो वाचून 'हौशी माणूस दिसतोय' असं म्हणणारे पालकही सापडतात, त्यात आपल्याकडून तिकडे गेलेले मराठी पालक आले. मुलाचे व्हिडिओ कोणाला पाठवायचे हे ठरवताना 'रिक्रुटिंग' हा शब्द शोधणं ठीकच. पण मुलाला कोण किती शिकवेल हे त्या एका शब्दावरून ठरवायला जाऊ नये.

बाकिच जून 2022 मध्ये क्लेमसनला हेड कोच म्हणून परतले. त्यांचा तिथला पहिला हंगाम 2023 चा, म्हणजे बिनपगारी असिस्टंटचा शेवटचा. आणि त्यांनी सल्लागार म्हणून सोबत घेतले ते जॅक लेगेट यांना.