नेट नसलं की जीपीएस चालत नाही? खुलासा

"लोकेशन मिळत नाही म्हणजे नेट स्लो आहे, डेटा पॅक मारा", हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. असं वाटणं साहजिक आहे, कारण नेट गेलं की नकाशाचं चित्र येत नाही आणि आपल्याला वाटतं लोकेशनच गेलं.

खरं म्हणजे जीपीएस नेटवर नाही, सॅटेलाइटच्या सिग्नलवर चालतं, आणि फोन सॅटेलाइटला काही पाठवतच नाही, फक्त ऐकतो. सॅटेलाइट साधारण 20,200 किमी वर, निदान 4 तरी ऐकू यायला लागतात, आणि त्यांचा डेटा येतो सेकंदाला फक्त 50 बिट. सॅटेलाइट नेमका कुठे आहे ही माहिती दर 30 सेकंदांनी रिपीट होते, म्हणून फोन बराच वेळ बंद असेल तर पहिलं लोकेशन यायला अर्धा मिनिट सहज जातो, घरात स्लॅबखाली तर त्याहून जास्त. नेट असेल तर हीच माहिती फोन पटकन डाउनलोड करतो, जीपीएसपुरता नेटचा रोल एवढाच.

आता ॲपवाल्याने टाइमआउट (म्हणजे लोकेशनची किती वेळ वाट पाहायची ती मर्यादा) 5 सेकंद ठेवला असेल तर एरर येणारच ना! ॲपने आधी शेवटचं माहीत असलेलं लोकेशन दाखवायचं, मागे नवीन शोधत राहायचं, हे जास्त बरं.

चेक करायचंय? ऑफलाइन नकाशा आधीच उतरवून ठेवा, गच्चीवर जा, डेटा आणि वायफाय बंद, लोकेशन चालू, आणि एक-दोन मिनिटं थांबा. निळा ठिपका येतो.