फाटकावरच्या कृष्णकमळाचं मूळ गाव

जळगाव-धुळ्याच्या जुन्या कॉलन्यांत फाटकाच्या कमानीवर कृष्णकमळाची वेल हमखास दिसते. कुणी फुलाकडे पाहत थांबलं की घरातलं एखादं माणूस उभ्या उभ्या महाभारत सांगतं. जांभळी झालर म्हणजे शंभर कौरव, मधले पाच पुंकेसर पांडव, वरची तीन टोकं ब्रह्मा-विष्णू-महेश आणि गाभ्यात कृष्ण. (तंतू नेमके शंभर भरतीलच असं नाही, पण मोजतंय कोण!) खानदेश म्हणजे मुळात कान्हदेश असं मानणारेही आहेत, तेव्हा या फुलाचा मान इथे अंमळ जास्तच.

वेल मात्र अमेरिकेची. तिच्या पाचशेहून अधिक भावंडांपैकी बहुतेक मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली. तिथे गेलेल्या स्पॅनिश मिशनऱ्यांना याच फुलात ख्रिस्ताचं क्रूसावरचं मरण दिसलं. झालर म्हणजे काटेरी मुकुट, पाच पुंकेसर पाच जखमा, तीन टोकं तीन खिळे, वेलीचे तणावे म्हणजे आसूड. पाकळ्या दहाच, मग बारा शिष्यांतून दगा देणारा जूदास आणि ओळख नाकारणारा पीटर वगळले! १६१०च्या सुमारास जाकोमो बोसियो या इटालियन लेखकाने रोममध्ये ही कथा लिहून काढली, आणि १७५३ मध्ये लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘पॅसिफ्लोरा’ हे शास्त्रीय नाव पक्कं केलं. त्यातला लॅटिन ‘पासियो’ म्हणजे यातना. इंग्रजी ‘पॅशन फ्लॉवर’मधला ‘पॅशन’ही तोच, त्याचा प्रेमाशी काही संबंध नाही, नर्सरीवाले काहीही सांगोत. आपल्याकडे त्याच पाच-तीनच्या हिशेबात पांडव आणि त्रिमूर्ती चपखल बसले.

मूळ गाव कळलं की वेलीचे रुसवेही कळतात. निळं कृष्णकमळ दक्षिण ब्राझील-अर्जेंटिनाकडचं, सौम्य हवेतलं. आपल्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की कळ्या गळतात, त्यात वेलीचा दोष नाही. सकाळचं ऊन भरपूर मिळावं, दुपारनंतरची झळ अडावी आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचा थर असावा. तापीकाठच्या काळ्या मातीत पाणी धरून राहतं आणि मुळं कुजतात, म्हणून खड्ड्यात मुरूम-वाळू घालावी. केळीच्या बागेतून उरलेल्या ठिबकच्या नळीचा तुकडा पाण्याला पुरतो. फूल एका दिवसाचं आणि तेही नव्या फुटव्यावर येतं, तेव्हा थंडी सरताना छाटणी करायला कचरू नये. युरिया घातलात तर नुसता पाला माजेल.

पावसाळ्यात पानांवर तांबूस काटेरी अळ्या येतात. त्या कृष्णकमलिनी या फुलपाखराच्या. हे फुलपाखरू आपलंच, इथल्या रानवेलींवर वाढणारं. अमेरिकेतून आलेली वेलही त्याने चाखून आपलीशी केली. फवारा मारू नका. पानं महिन्याभरात परत येतात.