कूलरचे पांढरे डाग आणि संगमरवराची चकाकी

उन्हाळ्यात नागपुरात कूलर रात्रंदिवस चालतो. बोअरचं जड पाणी जिथे टपकतं, तिथे खिडकीखालच्या संगमरवरी पट्टीवर पांढरे क्षार धरतात. ते काढायला सर्रास टॉयलेट क्लीनर ओततात आणि दगड कायमचा खराब होतो. हे क्षार मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे, आणि संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटचाच. मग ॲसिड एकाला खाईल आणि दुसऱ्याला सोडेल, हे कसं शक्य आहे?

क्लीनरमधलं ॲसिड दगडावर पडलं की फेस येतो, तो कार्बन डायऑक्साइडचा. 100 ग्रॅम संगमरवर 73 ग्रॅम हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळतो. त्यातून 44 ग्रॅम वायू उडतो आणि तयार झालेलं कॅल्शियम क्लोराइड पाण्याबरोबर वाहून जातं. टॉयलेट क्लीनरमध्ये हे आम्ल बहुधा 10 टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे 100 मिलिलिटर ओतलं, तर सुमारे 14 ग्रॅम दगड जाऊ शकतो. फूटभर लादीवर तो थर मिलिमीटरच्या जेमतेम विसाव्या भागाइतका भरतो, पण पॉलिशची चकाकी याहून कितीतरी पातळ थरात असते. म्हणून नंतर दिसतो तो डाग नसून खरवडलेला पृष्ठभाग असतो. तो कितीही घासला तरी निघत नाही.

लिंबाचा रस, व्हिनेगर, ताक यांनीही हेच होतं, फक्त सावकाश. संत्र्याचा रस लिंबापेक्षा सौम्य, तरी रात्रभर सांडून राहिला तर खूण उरते. कोटा आणि कडप्पा हेही चुनखडकच, त्यामुळे ओट्यावर लिंबू चिरताना खाली पाट घ्यावा. ग्रॅनाइटला लिंबाचा त्रास नाही. सीलर, म्हणजे दगडाची बारीक छिद्रं बुजवणारा द्रव, लावला की दगड सुरक्षित, हा समज चुकीचा आहे: सीलर तेल-हळद आत मुरू देत नाही, आम्लाला मात्र अडवत नाही.

आम्ल सांडलंच तर न पसरवता कापडाने टिपा, लिटरभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून ते ओता आणि साध्या पाण्याने धुवा. ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका; विषारी क्लोरीन वायू निघतो. कूलरचे क्षार ओले करून, नवं ब्लेड जवळजवळ आडवं धरून हलक्या हाताने खरवडा.

चकाकी गेलीच असेल तर डायमंड पॅडने (हिऱ्याचे कण बसवलेली घासायची चकती; नंबर जितका मोठा तितकी ती बारीक) 400, 800, 1500, 3000 अशा क्रमाने पाणी सोडत घासावं लागतं. मधला नंबर गाळला, की आधीच्या पॅडचे ओरखडे उजेडात दिसतात. शेवटी कारागीर ऑक्झॅलिक ॲसिडची पूड वापरतात. हेही आम्लच, पण त्यातून होणारं कॅल्शियम ऑक्झॅलेट पाण्यात जवळपास विरघळत नाही, ते दगडावरच घट्ट बसतं.