निकेलच्या तुकड्यापासून प्लॅटिनमच्या पहिल्या अणुथरापर्यंत

धातूच्या स्फटिकाच्या पृष्ठभागावर अणू कसे बसलेले असतात, हे इलेक्ट्रॉनांकडून काढून घेण्याचा इतिहास एका अपघाताने सुरू होतो. फेब्रुवारी 1925 मध्ये न्यूयॉर्कच्या बेल प्रयोगशाळेत क्लिंटन डेव्हिसन आणि लेस्टर जर्मर निकेलवर इलेक्ट्रॉनांचा मारा करत होते. द्रव हवेची बाटली फुटली, निर्वात नळी तडकली आणि तापलेल्या निकेलवर ऑक्साइड चढलं. ते घालवण्यासाठी तुकडा बराच वेळ तापवावा लागला. त्यात बारीक स्फटिकांच्या जागी मोजकेच मोठे स्फटिक तयार झाले आणि परतणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा नूरच पालटला. मग दोघांनी मुद्दाम एकसंध स्फटिक घेतला. 54 व्होल्टला 50 अंशांच्या कोनात ठळक शिखर मिळालं. इलेक्ट्रॉनाचं विवर्तन होतं, म्हणजे अणूंच्या रांगांवरून तो लाटेसारखा ठरावीक दिशांना परततो, हे 1927 साली सिद्ध झालं.

पाठ्यपुस्तकं इथंच थांबतात. मला मात्र पुढची तीस वर्षं जास्त मोलाची वाटतात. इतक्या कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन जेमतेम काही अणुथर आत जाऊन परततात, म्हणजे पृष्ठभाग वाचायचं साधन हाती आलेलं होतं. घोडं अडलं ते स्वच्छतेपाशी. नळीतला दाब हवेच्या दाबाच्या अब्जांशापर्यंत उतरवला तरी उरलेले रेणू साधारण सेकंदाभरात स्वच्छ पृष्ठभाग झाकून टाकतात. ब्राउन विद्यापीठात फार्न्सवर्थ यांनी नेटाने काम चालू ठेवलं, पण बहुतेकांनी हा नाद सोडला.

कोंडी फुटली ती दाबमापकामुळे. जुन्या मापकात क्ष-किरण संग्राहकावर, म्हणजे वायूचे आयन गोळा करणाऱ्या भागावर, पडून इलेक्ट्रॉन उडवत, त्यामुळे खरा दाब उतरला तरी आकडा एका मर्यादेखाली जातच नसे. 1950 मध्ये बेयार्ड आणि अल्पर्ट यांनी संग्राहकाच्या जागी बारीक तार बसवली; तिच्यावर क्ष-किरण फारच कमी पडत, त्यामुळे ती मर्यादा बरीच खाली गेली. आता पृष्ठभाग काही तास स्वच्छ राहतो याची खात्री करता येऊ लागली. 1960 च्या सुमारास जर्मर पुन्हा या विषयाकडे वळले. या वेळी विवर्तनाचे ठिपके थेट चकाकत्या पडद्यावर दिसले.

त्या ठिपक्यांनीच नवा पेच टाकला. प्लॅटिनमच्या एका पृष्ठभागावर आतले अणू चौकोनी मांडणीत, पण सगळ्यात वरचा थर षट्कोनी दिसत होता. हा धातूचा स्वभाव, की कार्बन-गंधकाच्या मळाचा परिणाम? ठिपके मांडणी सांगतात, मूलद्रव्य सांगत नाहीत. बेल प्रयोगशाळेतल्या लँडर यांनी 1953 मध्येच ऑजे इलेक्ट्रॉनांच्या (अणूच्या आतल्या कवचातली रिकामी जागा भरताना बाहेर फेकल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या) ऊर्जेवरून पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखता येतील असं सुचवलं होतं. 1960 च्या दशकाच्या अखेरीस हॅरिस यांनी या ऊर्जांच्या वर्णपटाचं विकलन करून, म्हणजे आलेखाचा चढउतार किती झपाट्याने होतो ते मोजून, ती अंधुक शिखरं ठसठशीत केली, आणि विवर्तनाच्या उपकरणात पडद्यापुढे असलेल्या तारांच्या जाळ्याच वापरून ऑजे वर्णपट घेता येतो हेही दिसलं. एकाच उपकरणात मांडणी आणि मळ दोन्ही तपासता येऊ लागले.

षट्कोनी थर खराच निघाला. त्यावर कार्बन मोनॉक्साइड बसला की तो मोडून अणू पुन्हा चौकोनी मांडणीत येतात. या वायूचं प्लॅटिनमवर ऑक्सिडीकरण होताना वेग आपोआप कमी-जास्त का होत राहतो, हे गेरहार्ड एर्टल यांनी याच अदलाबदलीवरून उलगडलं. पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रासाठी त्यांना 2007 चं नोबेल मिळालं.